स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनसाठी नेमकं हत्यार कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सस्पेन्शनचं काम स्वतः करायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी पहिल्यांदा अडते ती पान्यापाशी. साध्या पान्यांच्या पेटीत बसणारे नट इथे कमी, आणि खाचांच्या गोल रिंगा, खोल बसलेले नट, बोटही शिरणार नाही अशा जागा जास्त. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गाडीचं नाव आणि मॉडेल सांगितलं तर कोणता पाना लागेल ते सांगता येईल का?

बहुतेक वेळा नाही. कारखान्यातून आलेलं सस्पेन्शन जसंच्या तसं असेल तरच मॉडेलच्या नावाचा उपयोग होतो. एकदा बाहेरचे कॉइलओव्हर (शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र संच, ज्यात आटे असलेल्या बॉडीवरच्या रिंगा फिरवून उंची बदलते) बसले की गाडीच्या नावावरून काहीच कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर दोन कंपन्यांचे कॉइलओव्हर असतील तर रिंगांचा व्यास वेगळा, खाचा वेगळ्या, म्हणून पानाही वेगळा. एकाच सेटमधल्या पुढच्या आणि मागच्या रिंगाही कित्येकदा वेगळ्या मापाच्या निघतात.

म्हणून जो भाग फिरवायचा आहे तिथूनच सुरुवात करा. चाक काढा, रिंगवरची माती पुसा, माप घ्या आणि मग हत्यार शोधायला निघा. शॉकच्या बॉडीवर कोरलेला किंवा स्टिकरवर छापलेला पार्ट नंबर दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. त्या नंबरावरून कंपनीकडे योग्य पाना सुटा मागवता येतो. सेकंडहँड गाडीतून पहिल्या मालकाचा पाना हरवलेला असतो तेव्हा हाच रस्ता सगळ्यात जवळचा.

रिंगचं नेमकं काय मोजायचं?

रिंगचा बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली आणि एकूण खाचा किती, ही चार मापं. व्हर्नियर कॅलिपर असेल तर मिनिटाचं काम आहे. व्यास मोजताना कॅलिपरचे जबडे दोन खाचांच्या मधल्या उंच भागावर टेकवा. खाचेत टेकवलेत तर माप कमी येईल आणि पाना लहान घेतला जाईल.

शॉक गाडीतच आहे आणि कॅलिपर आत शिरत नाही, अशी वेळ हमखास येते. तेव्हा कागदाची अरुंद पट्टी रिंगभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक टोकावर येतं तिथे पेनाने खूण करा, पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. पट्टी १८८ मि.मी. भरली तर व्यास साधारण ६० मि.मी.

एका गोष्टीत बरेच जण फसतात. कॉइलओव्हरच्या माहितीत ६०, ६५ किंवा ७० मि.मी. असे आकडे असतात, काही ठिकाणी अडीच इंच म्हणजे ६३.५ मि.मी. हे स्प्रिंगच्या आतल्या व्यासाचे आकडे आहेत. रिंग त्याहून मोठी असते, कारण स्प्रिंग तिच्यावर बसते. स्प्रिंगच्या मापावर पाना मागवला तर तो लहान पडणार.

सी-स्पॅनर, हुक स्पॅनर, पिन स्पॅनर: यात फरक काय?

सी-स्पॅनर आणि हुक स्पॅनर ही एकाच हत्याराची दोन नावं. चंद्रकोरीसारखा वाकलेला पाना, त्याच्या टोकाला चौकोनी नाक, आणि ते नाक रिंगच्या कडेवरच्या खाचेत बसतं. पिन स्पॅनरला नाकाच्या जागी गोल पिन असते, कारण त्या रिंगांच्या कडेला खाचांऐवजी भोकं असतात. तिसरा प्रकार फेस स्पॅनरचा. त्याला दोन पाय असतात आणि ते रिंगच्या वरच्या सपाट चेहऱ्यावरच्या भोकांत बसतात. सस्पेन्शनच्या रिंगांवर हा कमी लागतो.

जर्मन मानक डीआयएन १८१० मध्ये यांची वाटणी सरळ आहे. फॉर्म ए म्हणजे नाकाचा, फॉर्म बी म्हणजे पिनचा. ठराविक मापाचे पाने ४५–५०, ५२–५५, ५८–६२, ६८–७५, ८०–९० मि.मी. अशा टप्प्यांत येतात. रिंग ६० मि.मी. असेल तर ५८–६२ चा. ७२ असेल तर ६८–७५ चा. मशीनच्या दुकानांत बेअरिंगच्या नटांसाठी हेच पाने वापरतात. त्यामुळे गाडीच्या सामानात सापडले नाहीत तर औद्योगिक हत्यारांच्या कॅटलॉगमध्ये शोधा, तिथे हमखास असतात. मात्र नाकाची जाडी खाचेशी ताडून बघा. बेअरिंगच्या नटाची खाच आणि कॉइलओव्हरच्या रिंगची खाच एकसारखी असेलच असं नाही.

ॲडजस्टेबल सी-स्पॅनर घेतला तर सगळं एकातच भागेल ना?

काम चालेल, पण मी तो पहिली पसंती म्हणून सुचवणार नाही. त्याच्या बिजागरीत थोडी ढिलाई असतेच. जोर लावला की चंद्रकोर थोडी उघडते, नाक खाचेतून वर सरकतं आणि निसटताना खाचेची कड खाऊन जातं. ॲल्युमिनियमच्या रिंगवर असं दोन-तीनदा झालं की खाचेचा कोपरा गोल होतो, मग बरोबर मापाचा पानाही तिथे धरत नाही.

ठराविक मापाचा पाना रिंगला अर्धवट मिठी मारून बसतो. त्याची वक्र पाठ रिंगला टेकते आणि नाक खाचेच्या भिंतीला पूर्ण उंचीभर लागतं. बसवलात की लगेच बघा: नाक खाचेच्या तळापर्यंत गेलंय का, आणि पाठ व रिंग यांच्यामध्ये उजेड दिसतोय का. उजेड दिसत असेल तर पाना मोठा आहे. नाक तळाला टेकत नसेल तर पाना लहान आहे किंवा नाक जाड आहे. रिंगा दोनच मापांच्या असतील तर दोन ठराविक पाने घ्या. अनेक गाड्यांवर काम करत असाल तर ॲडजस्टेबल जवळ असू द्या, पण जाम झालेल्या रिंगसाठी तो बाहेर काढू नका.

दांडा किती लांब हवा?

दोन पाने असावेत, एक लांब आणि एक आखूड. जमिनीवर ठेवलेल्या शॉकसाठी लांब दांडा उत्तम. गाडीत बसलेल्या शॉकभोवती मात्र ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, अँटी-रोल बारची लिंक आणि चाकाच्या कमानीची भिंत असते, तिथे लांब दांडा अर्धी खाचही फिरत नाही. रिंगला जितक्या जास्त खाचा तितकं हे सोपं. बारा खाचांच्या रिंगला पुढची पकड घ्यायला पाना ३० अंश फिरावा लागतो, सहा खाचांच्या रिंगला ६० अंश. खाचा मोजायला सांगितल्या त्या यासाठीच.

छिन्नी लावून हातोडीने ठोकलं तर रिंग फिरते. मग पाना कशाला?

फिरते, आणि खराबही होते. छिन्नीचा घाव खाचेच्या एकाच कडेवर बसतो, तिथे धातूचा ओठ बाहेर येतो आणि तो ओठ आट्यांत अडकला तर शॉकच्या बॉडीचे आटे जातात. रिंग नवीन मिळते, बॉडीचे आटे गेले तर पूर्ण शॉक बदलावा लागतो. प्लास्टिकसारख्या कठीण पॉलिमरच्या रिंगा तर एका घावात तडकतात. केडब्ल्यूच्या बऱ्याच कॉइलओव्हरवर स्टेनलेस स्टीलच्या बॉडीवर अशाच पॉलिमरच्या रिंगा असतात. गंजत नाहीत, छान फिरतात, पण हातोडीसाठी त्या नाहीत. पाईप रेंचसुद्धा नको, त्याचे दात रिंगच्या कडेला ओरखडे पाडतात.

रिंग जाम आहे, योग्य पाना लावूनही हलत नाही. आता?

जोर वाढवण्याआधी आटे साफ करा. ही पायरी जितकी कंटाळवाणी तितकीच महत्त्वाची आहे. रिंगच्या वर आणि खाली दिसणारे सगळे आटे आधी कोरड्या ब्रशने घासा. ॲल्युमिनियमच्या बॉडीला नायलॉनचा किंवा पितळेचा ब्रश, स्टीलच्या तारेचा नाही. जुना टूथब्रश आट्याच्या दरीत छान जातो. पहिल्या घासण्यात वाळू झडते, दुसऱ्यात ग्रीसमध्ये मुरलेला काळा लगदा निघतो. मग पाण्याने धुवा, सुकू द्या आणि जंग सोडवणारं तेल मारून काही तास सोडा. वाळू आत असताना रिंग फिरवली तर ती वाळूच आटे दळते आणि ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम चिकटून बसतं. तसं झालं की रिंग कापूनच काढावी लागते.

रिंगवरचा भारही काढा. चाक हवेत असू दे, सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबू दे. सोडताना आधी वरची आणि खालची रिंग एकमेकींपासून सुटी करायची असते, आणि त्यासाठी दोन पाने लागतात: एक धरायला, एक फिरवायला. एकच पाना घेऊन दोन्ही रिंगा एकत्र फिरवण्याचा प्रयत्न करणारे फार. काही रिंगांना कुलूप म्हणून छोटा ग्रब स्क्रू किंवा पिंच बोल्ट असतो. तो बारीक ॲलन कीने आधी सैल करावा लागतो. मातीखाली तो दिसत नाही आणि लोक पाना वाकेपर्यंत जोर लावतात. रिंग हलत नसेल तर तिच्या पूर्ण घेरावरून बोट फिरवून असा स्क्रू शोधा.

आगीने तापवू नका. शॉकमध्ये तेल आणि गॅसचा दाब असतो.

काही शॉकवर तीन रिंगा आहेत. कोणती फिरवायची?

तीन रिंगा असतील तर वरच्या दोन स्प्रिंगच्या आणि खालची ब्रॅकेटची. अशा शॉकची बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी बसलेली असते. उंची बदलायची तर खालची रिंग सोडा आणि बॉडी फिरवून लांबी कमी-जास्त करा. स्प्रिंगच्या रिंगा तशाच राहू द्या, म्हणजे प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) बदलत नाही. खालच्या रिंगचा व्यास वेगळा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, सेटमध्ये दोन मापांचे पाने देतात ते याचसाठी. ब्रॅकेटमध्ये बॉडी किमान किती आत असावी याची मर्यादा कंपनी देते, ती ओलांडू नका.

रिंग एक फेरा फिरवली तर गाडी किती खाली जाते?

आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि मोशन रेशो (चाकाच्या मानाने शॉक किती हलतो ते) यांवर ते ठरतं. पिच २ मि.मी. असेल तर एका फेऱ्यात रिंग २ मि.मी. सरकते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे शॉकच चाकाचा हब धरून ठेवतो अशा रचनेत, शॉक जवळजवळ चाकाइतकाच हलतो, म्हणून गाडीही साधारण तेवढीच हलेल. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं असतं तिथे, शॉक आतल्या बाजूला बसतो. चाक १० मि.मी. हललं तर शॉक ७ च हलत असेल, तर तोच एक फेरा चाकापाशी जवळपास ३ मि.मी. होतो.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने फरक पडतो. हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या काठापर्यंत मोजा. गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण टायर जमिनीवर आत ओढलेले असतात आणि गाडी उंच उभी राहते. थोडी पुढे-मागे ढकला, मग मोजा.

डॅम्परच्या क्लिकसाठी कोणतं हत्यार?

डॅम्पर म्हणजे शॉकच, आणि त्याचा कडकपणा एकेक क्लिकने बदलतो. त्यासाठी काही शॉकवर बोटांनी फिरणारा नॉब असतो, काहींवर २ किंवा ३ मि.मी. ची ॲलन की लागते, काहींत सपाट स्क्रूड्रायव्हरची खाच असते. रिबाउंडचं (शॉक परत लांब होतानाचं) ॲडजस्टमेंट बऱ्याचदा शाफ्टच्या वरच्या टोकाला असतं. कम्प्रेशनचं (शॉक दाबला जातानाचं) खाली, किंवा बाहेरची टाकी असेल तर तिच्यावर. बिल्स्टीनच्या पीएसएस१० सारख्या शॉकमध्ये एकाच नॉबवर दहा पायऱ्या असतात आणि दोन्ही एकत्र बदलतात.

इथे हत्यार लहान आणि हात हलका हवा. आत सुईसारखी झडप असते, ती शेवटाला टेकली की थांबायचं. लांब दांड्याची की वापरली तर टेकल्याचं बोटांना कळत नाही आणि झडपेचं आसन चेपतं. आखूड की, किंवा टी-हँडल फक्त दोन बोटांत धरून. बहुतेक कंपन्या पूर्ण बंद स्थितीपासून उलटे क्लिक मोजायला सांगतात, तरी आपल्या शॉकचं माहितीपत्रक बघून घ्या. नवीन आकडा लावण्याआधी जुना मोजून लिहा, चारही चाकांचा. परत यायला जागा असली की प्रयोग निर्धास्त करता येतात.

मागचा नॉब सीटमागच्या आवरणाखाली लपलेला असेल तर लवचिक केबलचं एक्स्टेंशन मिळतं. दर वेळी आवरण काढण्यापेक्षा ते बसवलेलं बरं.

स्ट्रटच्या वरचा नट इम्पॅक्ट गनने सोडू का?

नको. नट फिरतो तसा शाफ्टही आत फिरतो. त्यात सीलवर ताण येतो आणि पोकळ शाफ्टमधून ॲडजस्टरची दांडी जात असेल तर तीही बिघडते. इथे लागतो तो आरपार भोकाचा सॉकेट. बाहेरून नट फिरवायचा आणि मधल्या भोकातून ॲलन की घालून शाफ्ट स्थिर धरायचा. तो नसेल तर वाकड्या मानेचा रिंग पाना आणि लांब ॲलन की. शाफ्टचं तोंड षटकोनी आहे, टॉर्क्स आहे की दोन चपट्या बाजूंचं, हे आधी बघा. शाफ्टला पक्कड लावू नका. सीलमधून जाणाऱ्या भागावर एक ओरखडा पडला तरी तेल गळायला लागतं. हा नट बहुधा नायलॉनचा किंवा स्वतः घट्ट राहणारा असतो, परत बसवताना नवीन घ्या.

स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच का?

मूळ स्ट्रट उघडायचा असेल तर लागतोच, आणि तिथे स्वस्तातलं हत्यार घेऊ नका. ३० न्यूटन प्रति मि.मी. ची स्प्रिंग १०० मि.मी. दाबलेली असेल तर तिच्यात ३००० न्यूटनचा जोर असतो, म्हणजे साधारण ३०० किलोंचा भार. वरचा नट काढला की हे सगळं एका क्षणात मोकळं होतं. दोन हुकांचे सुटे कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या समोरासमोर लावायचे, दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने घट्ट करायचे आणि आपलं तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. शॉक आडवा व्हाइसमध्ये धरून टोक भिंतीकडे ठेवा. भिंतीला बसवलेला किंवा स्टँडवरचा कॉम्प्रेसर वापरायला मिळत असेल तर तोच वापरा.

आखूड, सरळ स्प्रिंगच्या कॉइलओव्हरमध्ये मात्र रिंग पूर्ण खाली आणली की स्प्रिंग सैल होते. हाताने धरून ती फिरतेय आणि वर-खाली सरकतेय याची खात्री झाली तरच वरचा नट काढा.

कॅम्बर आणि टोसाठी वेगळी हत्यारं लागतात का?

लागतात, आणि ती गाडीनुसार बरीच बदलतात. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल, टो म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत पुढे-मागे डबल विशबोन आणि खालच्या आर्मला कॅमचे, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेल्या चकतीचे, बोल्ट आहेत, होंडा एस२००० मध्येही तसंच. तिथे दोन चांगले पाने लागतात. एकाने बोल्टचं डोकं फिरवायचं, दुसऱ्याने नट धरायचा. जुन्या गाड्यांत हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी भागाच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरत नाही, फिरला तर बुशच्या रबरासकट पिळतो. तिथे पान्याने काम होणार नाही, बोल्ट कापून बुशसकट बदलावा लागेल. सुबारू इम्प्रेझामध्ये स्ट्रट हबच्या भागाला जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्या बोल्टचीच कॅम असते. लोटस एलीसमध्ये कॅम्बर शिमच्या पातळ पट्ट्यांनी बदलतात, म्हणून तिथे पान्याइतकंच महत्त्व बरोबर जाडीच्या शिमला आहे.

टोसाठी टाय रॉडचा चेकनट आणि रॉडवरच्या चपट्या बाजू, असे दोन ओपन पाने लागतात. रॉड फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळला जातो आणि लवकर फाटतो. रॉडचा शेवट हबपासून सोडवायचा असेल तर दाबून सोडवणारा बॉल जॉइंट पुलर वापरा. काट्यासारखा फाटा ठोकून सोडवणं वेगवान वाटतं, पण रबराचं टोपण हमखास फाडतं. जॉइंट फेकायचाच असेल तर चालेल.

मोजायला डिजिटल अँगल गेज पुरतो. तो टायरवर न टेकवता रिमवर टेकवा, वाचन घ्या, चाक अर्धा फेरा फिरवून दुसरं वाचन घ्या आणि सरासरी काढा. रिम किंचित वाकडी असली तरी फसवणार नाही. जमीन सपाट आहे असं गृहीत धरू नका, गेज जमिनीवरही ठेवून बघा. टोसाठी दोन सरळ पट्ट्या आणि दोन टेप पुरतात. ६०० मि.मी. अंतरावर १ मि.मी. चा फरक म्हणजे जवळपास ०.१ अंश, त्यामुळे टेप ताणून आणि दोनदा वाचून घ्या.

जुन्या पोर्शमध्ये किंवा कॉर्व्हेटमध्ये रिंगच नाही. तिथे काय?

१९८९ पर्यंतच्या ९११ मध्ये स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, आहेत. मागच्या बारच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्याला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक म्हणजे ८.१८ अंश. एक इकडे आणि एक तिकडे सरकवला की फरक फक्त ०.८ अंशाचा राहतो. मागची उंची या बारीक पायऱ्यांनी लावता येते. इथे लागतो तो अंश मोजणारा प्रोट्रॅक्टर आणि स्प्रिंग प्लेट उचलून धरणारं साधन. दात किती सरकले हे रंगाने खूण करून ठेवल्याशिवाय बार ओढू नका. ९११ च्या ९६४ या पिढीपासून कॉइल स्प्रिंग आल्या.

कॉर्व्हेट सी५ आणि सी६ मध्ये आडवी काँपोझिट लीफ स्प्रिंग आहे आणि तिच्या टोकांच्या बोल्टनी उंची बदलते. तिथे सी-स्पॅनरचं काम नाही. साधा सॉकेट, लांब एक्स्टेंशन आणि स्प्रिंगवरचा भार काढायला दुसरा जॅक, एवढं पुरतं.

सी-स्पॅनरने किती घट्ट करायचं? त्याला टॉर्क रेंच लागतो का?

चौकोनी भोक असलेले सी-स्पॅनर मिळतात, त्यात टॉर्क रेंच बसतो. पाना रेंचच्या सरळ रेषेत लावला तर दांडा लांब होतो आणि रेंचवर लावलेल्या आकड्यापेक्षा जास्त टॉर्क पडतो. हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि पाना मिळून होणारी लांबी, हा हिशोब करा. १०० न्यूटन-मीटर हवेत, रेंच ४०० मि.मी. आणि पाना ५० मि.मी. पुढे, तर रेंच ८९ वर लावायचा. पाना काटकोनात लावला तर हिशोबाची गरज राहत नाही.

कंपनीने आकडा दिला नसेल तर रिंगवर रिंग हाताने टेकवा आणि आखूड पान्याने एकदा ठाम आवळा. जास्त जोराची गरज नाही. दोन्ही रिंगांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा, थोडी गाडी चालवून परत बघा. रेघ तुटली असेल तर रिंग सरकली आहे.

आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर असतानाच पूर्ण घट्ट करा. चाक लोंबत असताना आवळलेलं रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं.

कॉर्नर वेट स्केल घ्यावेत का?

हे प्रत्येक चाकाखाली ठेवून त्यावरचा भार मोजणारे काटे. फक्त रस्त्यावर चालवत असाल तर नको, कोणाकडे असतील तिथे एकदा लावून घ्या. ट्रॅकवर नियमित जात असाल तर त्यांच्याशिवाय रिंग फिरवणं हा अंदाजाचा कारभार आहे. पुढे डावं ३४०, उजवं ३००, मागे डावं ३००, उजवं ३०० किलो, अशी गाडी घ्या. एका कर्णावर ६४०, दुसऱ्यावर ६००, म्हणजे क्रॉस वेट (एका कर्णावरचा भार एकूण वजनाच्या किती टक्के ते) ५१.६ टक्के. पुढची डावी रिंग थोडी खाली आणली की त्या कोपऱ्याचा आणि त्याच्या कर्णातल्या मागच्या उजव्या चाकाचा भार कमी होतो, उरलेल्या दोन चाकांवर वाढतो. सगळा फरक एकाच रिंगवर न काढता चारही रिंगांवर थोडा थोडा वाटा, म्हणजे उंची बिघडत नाही. सुरू करण्याआधी अँटी-रोल बारची एक लिंक सोडा आणि सीटवर चालकाच्या वजनाइतकं ओझं ठेवा.

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर?

उंची बदलल्यावर उंचीचे सेन्सर आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर नव्याने शून्यावर आणावे लागतात. म्हणजे तुमच्या गाडीच्या प्रणालीत हे काम करू शकणारा स्कॅनर. फक्त फॉल्ट कोड वाचणारा साधा स्कॅनर चालत नाही. घेण्याआधी सेन्सर कॅलिब्रेशन करता येतं का, हेच विचारा.

गाडी उचलायला काही खास लागतं का?

खालून कमी उंचीचा जॅक, रबरी पॅड, दोन लाकडी रॅम्प आणि मजबूत जॅक स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नका. चाकाला मधोमध एकच नट असलेल्या गाड्यांत पहिलं खास हत्यार चाकासाठीच लागतं. ९९१ पिढीच्या पोर्श ९११ जीटी३ मध्ये तो नट ६०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, नेहमीचा टॉर्क रेंच तिथपर्यंत पोहोचत नाही. हे आधी माहीत नसेल तर सस्पेन्शनपर्यंत पोहोचताच येणार नाही.

शॉक बनवणारी कंपनीच बंद झाली, पाना कुठेच मिळत नाही. बनवून घेता येईल का?

येईल, आणि मापं नीट घेतली असतील तर चांगला बनतो. ५ ते ६ मि.मी. जाडीची स्टीलची पट्टी घ्या. जाडी रिंगच्या उंचीपेक्षा थोडी कमीच हवी, नाहीतर शेजारच्या रिंगला अडेल. रिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अर्धा मि.मी. मोठं वर्तुळ आखा, त्याचा साधारण एक तृतीयांश भाग चंद्रकोर म्हणून ठेवा आणि टोकाला नाक सोडा. नाकाची रुंदी खाचेपेक्षा किंचित कमी, उंची खाचेच्या खोलीइतकी. नाक वेल्ड करून चिकटवण्यापेक्षा त्याच पट्टीतून कापा, वेल्डचा सांधा तिथेच तुटतो. लेझर कटिंगवाल्याला साध्या कागदावर मापं लिहून दिली तरी चालतं, पण कागदाचा साचा आधी कापून रिंगवर धरून बघा. धातू कापल्यावर सगळ्या कडा फाइलने मोडा आणि नाकाचा आतला कोपरा मात्र धारदार काटकोनातच ठेवा. तो गोल झाला की पाना खाचेवर चढून निसटतो.